पारधीण येईल

होटगी स्टेशन, रेल्वे चाळ
११ डिसेंबर १९७७

प्रिय चन्ने,

पाडव्याला तुला दारातून परत पाठवलं, त्यानंतर आज पहिल्यांदा लिहिते आहे. पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू पत्र तसंच चुलीत घालशील असं एकदा मनात आलं. मग वाटलं, नाही, चन्नी तसली नाही. मैंदर्गीला लहानपणी आपलं भांडण झालं की तू कोपऱ्यात तोंड फिरवून बसायचीस, पण एक डोळा माझ्याकडेच असायचा, अक्का समजूत काढायला येते की नाही ते बघायला. मी कधीच यायचे नाही. शेवटी तूच उठून यायचीस. या वेळी मी उठले आहे, उशिरा का होईना. आमचे हे म्हणाले, पत्र कशाला, सकाळच्या पॅसेंजरनं सोलापूरला जा आणि बहिणीला तोंडावर सांगून ये. पण समोर कुणी आलं की माझी जीभ फक्त भांडायलाच सरळ चालते, हे तुला मी सांगायला नको.

गिरिजा बरी आहे. जूनपासून पहिलीत जाते. पुढचा एक दात पडला, तो यांनी कौलावर टाकला, तर सारखी अंगणात जाऊन उंदरानं नेला का बघत होती. मालगाडीचे डबे मोजते, वीसच्या पुढं गेली की परत अकरावर येते, आणि चुकलीस म्हटलं की गाडीच चुकली म्हणते. यांच्याबरोबर सिग्नलच्या केबिनमध्ये जाते. हे तिला लिव्हर ओढू देत नाहीत, नुसता हात लावू देतात, पण तेवढ्यावर सगळ्या चाळीला सांगत सुटते की आजची मद्रास मेल मी सोडली. तुझी आठवण काढते. चन्नीमावशी का येत नाही विचारते. मी म्हणते, मावशीला कामं असतात. खोटं बोलायचं मला आता काही वाटेनासं झालं आहे, आणि पत्राचा विषय तोच आहे.

तू तिला आणलंस तो त्र्याहत्तरचा उन्हाळा. विहिरी आटलेल्या, जनावरं मेलेली, आणि तू रिक्षातून उतरलीस तर तुझ्या हातात टॉवेलात गुंडाळलेलं ते वर्षाचं पोर. तुझ्या नोकरीच्या बालगृहात तिच्या पोटात अन्न ठरत नव्हतं. “अक्का, महिनाभर सांभाळ, जगली तर पुढं बघू,” एवढंच तू म्हणालीस. माझं दुसरं बाळ जाऊन तेव्हा सहा महिने झाले होते आणि घरात पाळणा तसाच बांधलेला होता. कुणाची, कुठली, मी विचारलंसुद्धा नाही. ती माझ्या मांडीवर ज्वारीची पेज पिऊन झोपली, मग तू हळूच सांगितलंस. कुंभारीच्या माळावर पारध्यांची पालं होती, कुणाच्या तरी खळ्यावर चोरी झाली, पोलिसांनी पालंच्या पालं उचलली. बाप्ये नेले, बायकाही नेल्या. हिची आई तुरुंगात, बाप कुठं गेला पत्ता नाही. पारध्याची पोर म्हटल्यावर माझा तिच्या डोक्यावरचा हात थांबला होता, चन्ने. तू बघितलं होतंस. मग तो परत फिरायला लागला, तेही तू बघितलंस.

महिन्याचं वर्ष झालं. कोर्टाच्या कागदावर मला पोर सांभाळायला ‘योग्य व्यक्ती’ असं लिहून मिळालं, तेव्हा मी तो कागद देवघरात ठेवून पेढे वाटले होते. चाळीत सांगितलं की अक्कलकोटकडची आमच्या नात्यातली पोर आहे, आईबाप दुष्काळात गेले. मठाच्या स्वामींना घरी बोलावून तिच्या गळ्यात लिंग बांधलं. गिरिजा नाव मीच ठेवलं. तिचं आधीचं काही नाव असेल हे माझ्या डोक्यातही आलं नाही, बाजारातून आणलेल्या भांड्यावर आपण आपलं नाव घालतो ना, तसं झालं. कन्नड बोलायला शिकली, मराठी शिकली, कपाळाला विभूती लावल्याशिवाय ताटावर बसेना. मला वाटायचं, बघा, वळण लावलं की कुणीही माणसात येतं. हे वाक्य मी तुझ्यापाशीही बोलले होते.

आणि एक गोष्ट, जी तुला माहीत नाही. गिरिजा जेवायला त्रास द्यायची. घास तोंडात धरून बसायची. एक दिवस माझ्या तोंडून निघून गेलं, “जेव लवकर, नाहीतर पारधीण येईल, धरून नेईल.” आपल्या अव्वानं तुला-मला हेच सांगून वाढवलं, मैंदर्गीतल्या सगळ्या आया हेच सांगायच्या. बोलल्यावर मी स्वतःच दचकले. कुणाला काय सांगते आहे मी? पण गिरिजानं घास गटकन गिळला. दुसऱ्या दिवशी परत भात चघळत बसली, आणि मी परत म्हणाले. पुढं रोजचंच झालं. हे एकदा ताटावरून म्हणाले, “ए, दुसरं काहीतरी सांग की गं. बुवा सांग, वाघ सांग.” मी म्हटलं, वाघाला ती भीत नाही. खरंच भीत नव्हती.

पाडव्याला तू आलीस ते तिच्या आईची बातमी घेऊन. म्हणालीस, चोर दुसराच निघाला, बाईला दहा महिन्यांनी सोडलं, तेव्हापासून ती पोर शोधत फिरते आहे. या कचेरीतून त्या कचेरीत गेली, प्रत्येक ठिकाणी मुलीची सोय झाली आहे एवढंच सांगून तिला हाकललं. तिचं नाव रंभाबाई. तू म्हणालीस, “अक्का, आधी मी पालांवर जीपमधून जायचे. जीप दिसली की त्यांची पोरं रानात पळायची आणि मी लिहायचे, मुलं बुजरी आहेत. आता चालत जाते, बायकांत खाली बसते, त्यांना विचारते की तुमच्यात पोराचं काय-काय करतात.” तू पोर हिसकावून न्यायला आली नव्हतीस. बाजाराच्या दिवशी आईला येऊ दे, पोरीला तिची बोली कानावर पडू दे, हळूहळू ओळख होऊ दे, मग बघू, इतकंच तुझं म्हणणं होतं. मी काय केलं? माझ्या दारात पारधीण येणार नाही म्हणाले. तुझ्या नोकरीवर बोलले, लग्न न करता दुसऱ्यांची पोरं मोजत फिरतेस म्हणाले. गुढी उभी होती आणि तू न जेवता गेलीस. ते मी बोलायला नको होतं. लग्नाचं तर मुळीच नको होतं.

तू रंभाबाईला पत्ता दिला असशील म्हणून मी कित्येक दिवस तुझ्यावर चरफडत होते. आता वाटतं, बरं केलंस. पावसाळा लागल्यावर ती यायला लागली. होटगीच्या बाजारी यायची आणि बाजार आटोपला की आमच्या चाळीसमोरच्या लिंबाखाली येऊन बसायची. उंच, वाळलेली, केस मोकळे, अंगावर विटकं लुगडं, हातांवर कोपरापर्यंत गोंदण. मागत काही नसे. दाराकडे बघत बसायची आणि दिवस कलला की उठून जायची. पहिल्यांदा आली तेव्हा ओट्याच्या पायरीवर पाय बांधलेले दोन जिवंत लावे ठेवून गेली. लेकीसाठी खाऊ. लिंगायताच्या दारात लावे! मी शिव शिव करत चार पावलं मागं सरले. यांनी ते रुळापलीकडे नेऊन सोडून दिले, आणि ती लिंबाखालून पाखरं उडताना बघत होती. पुढं श्रावणातल्या एका बाजाराला तिनं सीताफळं आणली. तिला कुणी सांगितलं नव्हतं, तिचं तिलाच उमगलं. गिरिजानं ती बोटं चाटत खाल्ली, आणि कुणी आणली विचारलं तर मी म्हणाले, बाजारातून आणली.

एकदा ऊन फार होतं म्हणून मी तिला पाणी द्यायला गेले. आपलं नेहमीचं, बाहेरचा तांब्या, वरून ओतायचं. ती हात जोडून म्हणाली, “नगं बाई. आमाला चालत न्हाय.” मला इतका राग आला. मी हिला पाणी द्यायला बाहेर येते, आणि हिलाच माझं पाणी चालत नाही? घरी येऊन यांना सांगितलं तर हे हसायला लागले. म्हणाले, “तुझी मडी तशी तिची मडी. दोघींचं सोवळं, आणि मधी ते पोर.” मी त्या दिवशी यांच्याशी बोलले नाही. पण तू सांगितलेलं आठवलं, की त्यांच्यात बाहेरचं खाल्लं-प्यायलं तर पंचांपुढं उभं राहावं लागतं आणि कधीकधी पालातूनही काढतात. तेव्हा मी कान दिला नव्हता.

नवरात्राच्या आधीची गोष्ट. गिरिजा शाळेतून येत होती, आणि रंभाबाई त्या दिवशी झाडाखालून उठून वाटेवर आली. हात लावला नाही तिनं. नुसती दोन पावलांवर बसली आणि तिच्या बोलीत काहीतरी बोलली, गुजरातीसारखं ऐकू येतं ते, मला कळलं नाही. गिरिजानं दप्तर टाकलं आणि अशी किंचाळली की केबिनमधून हे बाहेर आले. “अव्वा, पारधीण आली! पारधीण आली!” पळत येऊन माझ्या निऱ्यांत शिरली, आणि भीतीनं तिथंच तिनं माझं लुगडं ओलं केलं. सगळी चाळ बाहेर आली. दोघा-तिघांनी दगड उचलले. रंभाबाईनं पळ काढला नाही. तिनं पदर ओढून तोंड झाकलं, पोरीला दिसू नये म्हणून, आणि पाठ करून चालत गेली. मी दगड उचललेल्यांना थांबवलं नाही, चन्ने. यांनी थांबवलं.

मला वाटलं, सुटले. दसरा झाला, बाजारामागून बाजार गेले, लिंबाखाली कुणी नाही. मी सुखानं भाकरी थापत होते. मग गेल्या महिन्यात एका बाजाराच्या दुपारी दारात एक बाई उभी राहिली. हिरवं इरकली लुगडं, डोक्यावरून पदर, केस तेल लावून घट्ट बांधलेले, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. मला वाटलं अक्कलकोटकडून कुणीतरी आपल्यापैकी आलं आहे. मी “बर्री, बर्री, आत या” म्हणत घोंगडी अंथरली, आतल्या घागरीतलं पाणी माझ्या तांब्यातून आणून दिलं. ती सगळं पाणी प्यायली. तांब्या परत देताना हात पुढं आला आणि मला गोंदण दिसलं.

कितीतरी दिवस लिंबाखाली बसून ती नुसती लेक बघत नव्हती, मलाही बघत होती. मी पदर कसा घेते, विभूती कशी लावते, हे सगळं. लुगडं कुणाकडून मागून आणलं, त्यासाठी काय दिलं, मला माहीत नाही. निऱ्या चुकल्या होत्या. मी काही बोलणार तेवढ्यात गिरिजा आतून आली. नवीन माणूस बघून खुलली, तुला तिचा स्वभाव माहीत आहे. जवळ जाऊन बसली, पडलेला दात दाखवला, मद्रास कशी सोडली ते सांगितलं. मग तिच्या मांडीवर हात ठेवून समजूतदारपणे म्हणाली, “मावशी, जाताना त्या झाडाकडून जाऊ नका हं. तिथं पारधीण येते.”

रंभाबाई म्हणाली, “व्हय? कशी दिसती गं ती?” गिरिजा म्हणाली, “काळी. केस असे मोकळे. मला न्यायला येते. पण माझी अव्वा आहे ना, अव्वा देत नाही मला.” मी खांबाला धरून उभी होते. मला वाटलं आता ही बाई सांगणार, आता सगळं बाहेर येणार, आणि ते खरंच यावं असं त्या घटकेला मला वाटलं. ती म्हणाली, “तुजी अव्वा लई चांगली हाय. तू भिऊ नगं. न्हाय येनार आता ती. म्या सांगते तिला.” तिनं पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला. गिरिजानं फिरवू दिला. मग माझ्याकडं बघून म्हणाली, “लेकरू लई शानं केलंसा बाई,” आणि उठली. रागानं नाही बोलली. रागानं बोलली असती तर मला निभावून नेता आलं असतं.

तेव्हापासून ती आलेली नाही. चार बाजार होऊन गेले. मला जे हवं होतं ते मिळालं आहे आणि मला घरात तोंड वर करून वावरता येत नाही. तुला आता राहिलेलंही सांगते. ती यायला लागण्याआधी मी पारधिणीचं नाव घ्यायचे ते सवयीनं. ती यायला लागल्यावर मुद्दाम घ्यायला लागले. खिडकीतून बोट दाखवून सांगायचे, ती बघ, बसली आहे, बाहेर गेलीस तर नेईल. जन्मदात्या आईकडे बोट दाखवून. पोर किंचाळावी म्हणूनच मी तिला शिकवलं होतं, आणि ती शिकवल्याप्रमाणं किंचाळली, तेव्हा माझ्या पायाशी भिजलेली पोर होती आणि मी मनात खूश होते. मला कोर्टानं योग्य व्यक्ती म्हटलं आहे. मला माझी शरम वाटते, चन्ने. कुणी बघितलं म्हणून नाही, कुणीच बघितलं नाही. त्या बाईनं माझ्या हातचं पाणी पिऊन स्वतःचं माणसांतलं स्थान घालवलं असेल, आणि मी तिला घोंगडी दिली ती ओळखलं नाही म्हणून. ओळखलं असतं तर दिली नसती.

परवा मी गिरिजाला जवळ घेऊन सांगितलं. सगळं नाही, सगळं सांगायची माझ्यात ताकद नाही. एवढंच म्हणाले, ती हिरव्या लुगड्यातली मावशी आली होती ना, तीच ती पारधीण. मला वाटलं रडेल, घाबरेल, मला चिकटेल. जीभ दाताच्या फटीत घालत राहिली. मग मला म्हणाली, “अव्वा, मग तिनं मला धरून का नाही नेलं?”

याचं उत्तर रंभाबाईपाशी आहे, आणि तिची पालं आता कुठं आहेत ते फक्त तुला माहीत आहे, त्यासाठीच हे पत्र. जीप नको, कागद नको, साहेब नको. तू चालत जा, जशी जातेस तशी, आणि तिला निरोप दे की होटगीच्या निंगव्वानं बोलावलं आहे. पाण्यावरून तिच्यावर पंच बसले असतील तर मी येऊन सांगेन की चूक माझी आहे, कुठं उभं राहायचं ते तू दाखव. मुलीला तिनं काय नाव ठेवलं होतं तेही विचार, मी कधी विचारलं नाही. रंभाबाई मुलगी परत मागेल. एकदम नाही मागणार, पण मागेल, आणि तेव्हा मी दार लावून घेणार नाही, हे मी यांच्यासमोर बसून लिहिते आहे म्हणजे उद्या मला शब्द फिरवता येणार नाही. बाजाराच्या दिवशी तिला घेऊन ये. झाडाखाली नाही, ओट्यावर. आणि एवढं जरूर सांग की लुगडं कुणाकडून मागून आणू नकोस म्हणावं, तुझ्याच कपड्यात ये. पोरीनं विचारलंय, आणि ती पारधिणीचीच वाट बघते आहे.

तुझीच,
निंगव्वाअक्का